कोल लिहिलेली पुडी

माम्बेतकुल कुठलंही इंजिन जेट बसवून दाराबाहेर जाऊ देत नसे. इंजिन तयार झालं, होडीच्या मागे लावून पाण्यावर चालवून पाहिलं, की तो पुन्हा कार्बोरेटर उघडायचा. आतला पितळी जेट काढायचा. बोटाच्या पेराएवढा तुकडा, मधोमध पेट्रोल सोडणारं केसासारखं छिद्र. तो वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून मालकाच्या हातावर ठेवायचा. “घरी नेऊन बसव,” म्हणायचा.

कारण साधं होतं. होडीचं इंजिन पाण्याने थंड राहतं. वाटेत कोणा हौशी माणसाने ट्रकवर उभ्याउभ्या दोरी ओढून ते सुरू केलं, तर दोन मिनिटांत त्याचा सत्यानाश. जेट काढलेलं इंजिन मुकं. मग कोणी कितीही दोरी ओढो.

“माम्बेत मुलीला सासरी पाठवतो आणि तिची जीभ पुडीत बांधून जावयाकडे देतो,” असं चोरोबाय म्हणायचा. चोरोबाय शेजारी राहायचा, मासे धुरावून हमरस्त्यावर विकायचा. अख्ख्या बालिक्ची गावात त्याच्याएवढं तोंडाळ कोणी नव्हतं.

“तुझ्या बायकोची जीभ कुणी बांधली नाही, म्हणून तू रस्त्यावर बसतोस,” माम्बेतकुल म्हणायचा, आणि काम करत राहायचा.

एकोणसाठ वर्षांचा होता तो. सत्तावीस वर्षं त्याने मासळीच्या कारखान्यात इंजिनं दुरुस्त केली. कारखाना बंद पडला तेव्हा लोकांनी पत्रे नेले, खिडक्या नेल्या, जाळी नेली. माम्बेतकुलने प्रयोगशाळेतली एक काचेची नळी मागून घेतली. एक मीटर उंच. ती त्याने घराच्या ओसरीत खांबाला बांधली. तिच्या तळाशी जेट बसवायचा, नळी पाण्याने काठोकाठ भरलेली ठेवायची, खाली मापाचं भांडं, हातात घड्याळ. एका मिनिटात जितकं पाणी पडलं, तो त्या जेटचा आकडा.

त्याचं शास्त्र एवढंच होतं, पण त्या भागात ते दुसऱ्या कोणाला येत नव्हतं. इंजिनं बनतात सपाटीवर. तिथली हवा जड. बालिक्चीचं तळं आहे डोंगरात, सोळाशे मीटर उंचीवर. इथली हवा विरळ. कारखान्यातून आलेलं इंजिन इथे नको इतकं पेट्रोल पितं, खोकतं, काळा धूर ओकतं. म्हणून जेटचं छिद्र लहान करावं लागतं. तो ते कथलाने बुजवायचा आणि शिवणयंत्राची सुई घासून केलेल्या बारीक टोच्याने पुन्हा पाडायचा. नळीखाली धरायचा. मोजायचा. मनाजोगं झालं नाही तर पुन्हा बुजवायचा.

“मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्याकडेही इतक्या वेळा पाहिलं नाही,” त्याची बायको कालिपा म्हणायची.

“तुझ्यात चूक सापडली असती तर बुजवता आली नसती,” तो म्हणायचा.

तळ्याला तिथे सगळेच कोल म्हणतात. कोल म्हणजे तळं, कुठलंही. पण बालिक्चीच्या माणसाच्या तोंडी कोल एकच, समोरचं. बाकीच्या पाण्यांना आपापली नावं आहेत. माम्बेतकुल सैन्यात असताना समुद्रावर दोन वर्षं होता. घरी लिहिलेल्या पत्रात त्याने समुद्राला समुद्र म्हटलं आणि शेवटी विचारलं, कोल कसं आहे. जणू घरातल्या माणसाची चौकशी.

त्याची एकुलती मुलगी बुरुल अल्माटीला शिकायला गेली आणि तिथेच एका कझाक मुलाशी तिचं जमलं. मुलाचं नाव येरसायिन. उंच, लाजाळू, बाल्खाशच्या काठावरचा मासेमार. माम्बेतकुल लग्नाला गेला तेव्हा त्याने ते पाणी एकदा पाहिलं. मातकट, उथळ, चहूकडे बोरू. त्याला ते आवडलं नाही. जावई मात्र आवडला. दारूला शिवत नव्हता आणि बोलण्याआधी समोरच्याचं पूर्ण ऐकून घेत होता.

सहा वर्षांत बुरुल तीनदा माहेरी आली. नातू अल्दियार तीन वर्षांचा झाला. आजोबाने त्याला एकदाच कडेवर घेतलं होतं.

त्या हिवाळ्यात येरसायिनचं जुनं इंजिन मेलं. बुरुलने फोनवर आईला सांगितलं, आईने जेवताना नवऱ्याला. दुसऱ्या दिवशी माम्बेतकुलने कारखान्याच्या भंगारातून घेऊन ठेवलेलं तीस घोड्यांचं रशियन इंजिन ओसरीत ओढून आणलं.

चार महिने तो त्याच्याशी खेळत होता. इंजिनाचं डोकं काचेवर ठेवून इंग्रजी आठच्या आकड्यात घासलं, म्हणजे आतला दाब वाढावा. आतल्या हवेच्या वाटा कानशीने रुंद केल्या. पिस्टनला नवी कडी बसवली. इंजिन तीस घोड्यांचं राहिलं नाही, त्याहून बरंच पुढे गेलं. अशा इंजिनाला भूक जास्त. त्याला जेट अचूक लागतो. पेट्रोल थोडं जास्त गेलं तर धूर होईल, बास. थोडं कमी गेलं तर ते आतून तापत जाईल. त्यात पुन्हा वंगणाचं तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. मग एक क्षण असा येतो की पिस्टन जागच्या जागी धरतो.

बाल्खाशची उंची त्याला माहीत नव्हती. तो शाळेत गेला. भूगोलाच्या बाईंनी नकाशाचं पुस्तक काढलं. वडीलधाऱ्या माणसाला तिथे आके म्हणतात.

“तीनशे चाळीस मीटर, आके. पण तुम्हाला कशाला?”

“लेकीच्या घरी हवा किती आहे ते बघायचंय.”

बाई हसल्या. तो हसला नाही.

त्याने हिशेब केला आणि तीनशेचा जेट पाडला. आयुष्यभर त्याचे हात छिद्रं लहान करत आले होते. हे पहिलं, जे त्याने मोठं केलं. इथे चालवून पाहण्यासाठी दोनशे सत्तरचा वेगळा होताच. मार्चअखेर त्याने तो बसवून इंजिन पाण्यात उतरवलं. होडीचं नाक असं उठलं की चोरोबायची टोपी उडाली.

“अरे हे इंजिन आहे की शाप!” चोरोबाय ओरडला. “जावयाला आहेर देतोयस की त्याला उडवून देतोयस?”

“ऑगस्टमध्ये घेऊन येईल तो,” माम्बेतकुल म्हणाला. “पोराची सुंता इथे करावी असं माझ्या मनात आहे. महिनाभर राहतील. तेव्हा दोघं मिळून पाण्यात उतरू.”

“त्याने हो म्हटलंय?”

“म्हणेल.”

बाल्खाशकडे जाणारा ट्रक ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच निघणार होता. चालक सकाळी दारात उभा. माम्बेतकुलने घाईने कार्बोरेटर उघडला, दोनशे सत्तरचा काढला, इंजिन मुकं केलं. मग खिडकीपाशी उभं राहून दोन पुड्या बांधल्या. प्रत्येक जेट उजेडाकडे धरून तीनदा पाहिला. त्याचं ते नेहमीचं होतं. कालिपा शेजारी दोरा धरून उभी होती.

खरं तर तीनशेचा एक पाठवला असता तरी पुरलं असतं. दुसऱ्याचं बाल्खाशला काही काम नव्हतं. पण तो जेट हातात असला म्हणजे ऑगस्टमध्ये ते येतील, असं त्याला वाटलं. बोलावणं म्हणून त्याने तो पाठवला. तोंडाने ये म्हणणं त्याला कधी जमलं नव्हतं.

दोनशे सत्तरच्या पुडीवर त्याने लिहिलं, कोल. दुसरीवर लिहिलं, खाली. डोंगरातली माणसं सपाटीला खालीच म्हणतात. अल्माटी खाली, बाल्खाश खाली, सगळं जग खाली.

“चिठ्ठी लिहा की सोबत,” कालिपा म्हणाली.

“लिहिलंय ना. बुरुल वाचेल.”

एप्रिलच्या मध्याला बुरुलचा फोन आला. टपाल कचेरीतून बोलावणं आलं तसे दोघंही धावले. कालिपा आधी बोलली, मग रिसीव्हर त्याच्याकडे दिला.

“अता, तुमचं इंजिन गातं!” ती ओरडत होती. बापाला ती अता म्हणायची. “हे म्हणतात, असं इंजिन अख्ख्या किनाऱ्यावर कोणाकडे नाही. सध्या बोरूच्या कडेकडेनेच नेतात, हळूहळू. पण आवाज काय गोड आहे!”

“हळूच चालव म्हणावं महिनाभर,” तो म्हणाला. घरी येईपर्यंत तो स्वतःशी हसत होता.

पोटभर पेट्रोल मिळालेलं इंजिन गुरगुरतं. गातं ते उपाशी इंजिन. हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. पण लेकीचा आवाज चार महिन्यांनी ऐकला होता.

एप्रिलच्या अखेरीस एका दुपारी पाच माणसं अंगणात आली. माम्बेतकुल ओसरीत बसून कार्बोरेटर धूत होता. त्याने पाहिलं, सर्वांत पुढे मशिदीजवळचा म्हातारा इसाबेक, सर्वांत मागे चोरोबाय. चोरोबायची टोपी सरळ होती. त्याने थट्टा केली नाही. तिथे मरणाची बातमी कोणी एकटा येऊन सांगत नाही, उभ्याने तर नाहीच. टपाल कचेरीतली बाईसुद्धा तार घरच्याच्या हातात देत नाही. तार सकाळीच चोरोबायच्या खिशात आली होती.

माणसं बसली. इसाबेकने प्यायला पाणी मागितलं. मग म्हणाला, “माम्बेतकुल, यंदा खालच्या पाण्यावर वारा फार आहे म्हणतात.”

माम्बेतकुलने हातातला कार्बोरेटर खाली ठेवला. “कोण?” त्याने विचारलं. “मुलगी की पोर?”

“दोघं सुखरूप आहेत.”

घरात कालिपा कणीक मळत होती. तिचा मळण्याचा आवाज थांबला.

प्रवासाला दीड दिवस लागला. ते पोहोचले तोवर येरसायिनला माती देऊन झाली होती. अंगणात जाड लोकरी नमद्याचा तंबू उभा होता. आत बायकांमध्ये बुरुल पाठमोरी बसून शोक गात होती. आलेल्या पुरुषाने तंबूकडे जाताना मोठ्याने रडत जायचं असतं. ‘माझ्या काळजा रे,’ म्हणत. माम्बेतकुल चालत गेला, पण आवाज फुटेना. येरसायिनचा थोरला भाऊ कायरोल्ला पुढे आला, त्याने त्याला मिठी मारली आणि त्याच्या वाटचंही तोच रडला.

हकिगत थोडक्यात अशी होती. येरसायिन पहाटे एकटाच मोकळ्या पाण्यात गेला. पश्चिमेचा वारा सुटला. काठावरच्यांनी त्याला परत फिरताना पाहिलं. इंजिन पूर्ण सोडलेलं, होडी उडत येत होती. मग आवाज एकदम बंद. होडी वाऱ्याला आडवी झाली. तिसरी लाट त्यांनी पाहिली, चौथ्या लाटेनंतर होडी दिसली नाही. तो दोन दिवसांनी बोरूत सापडला. उलटी होडीही तिथेच, मागे इंजिन लटकलेलं.

सातव्या दिवसाचं जेवण झालं. पाहुणे पांगले. कायरोल्ला माम्बेतकुलजवळ येऊन बसला. व्याह्याला ते लोक कुदा म्हणतात.

“कुदा, एक मागणं आहे,” तो म्हणाला. “लोक म्हणतात, तो प्यायला होता. वाऱ्यात एवढं सोडून कोणी शुद्धीतला माणूस येत नाही म्हणतात. दुकानात बोलतात, पाणवठ्यावर बोलतात. काल बुरुलसमोर एक बाई बोलली.”

“तो पीत नव्हता.”

“तुम्हाला माहीत, मला माहीत. पण इंजिन का बंद पडलं ते तुमच्याशिवाय कोण सांगणार? उघडून बघा. जे असेल ते सांगा.”

इंजिन छपरीत एका ओंडक्याला लावलेलं होतं. माम्बेतकुलने बाह्या सारल्या. आधी प्लग काढले. दोन्ही पांढरेफटक, टोकांवर धातूचे बारीक मणी. उपाशी इंजिनाची खूण. त्याने डोकं उतरवलं. वरच्या पिस्टनला बाजूने ओरखडे, सिलिंडरला चिकटून बसलेला. त्याने कार्बोरेटरला हात घातला आणि तसाच थांबला.

बुरुल चहा घेऊन आली होती. डोक्याला शोकाचं पांढरं फडकं, कडेवर अल्दियार. ती सात दिवसांत बापाशी बसून बोलली नव्हती. आता तिने वाडगा फळीवर ठेवला आणि तिथेच टेकली.

“अता, तुम्ही लिहिलं होतं म्हणून बरं झालं,” ती म्हणाली. “हे आणि भाऊजी पुड्या घेऊन बसले होते. हा की तो, हा की तो. मीच म्हटलं, अहो लिहिलंय की. कोल. तळ्यात जायचंय ना? मग हा. मीच काढून दिला हातात.”

“खरंय,” कायरोल्ला म्हणाला. “बुरुलनेच सांगितलं. दुसरीवर खाली लिहिलं होतं. आम्हाला वाटलं, तो कमी वेगाचा, जाळं टाकताना वापरायचा.”

“तो अजून आहे डबीत,” बुरुल म्हणाली.

माम्बेतकुल मुलीकडे पाहत राहिला. याच मुलीला त्याने पोहायला शिकवलं होतं. कोल गार आहे, कोल खवळलंय, कोल आज दुधासारखं आहे, असं ती येताजाता बोलायची. सहा वर्षं. सहा वर्षांत तिच्या दारासमोरचं पाणी तिचं कोल झालं होतं. व्हायलाच हवं. मुलगी नांदली याचा अर्थच तो. पुडीवर लिहिताना तेवढं त्याच्या मनात आलं नव्हतं.

त्याने जेट काढला. उजेडाकडे धरला नाही. धरायची गरज नव्हती. मुठीत घेतला.

“काय दिसलं?” कायरोल्लाने विचारलं.

गप्प राहिलं तर येरसायिन दारुडा ठरत होता. आणि खरं सांगितलं, तर जेट कोणी निवडून दिला ते मुलगी आताच आपल्या तोंडाने सांगून बसली होती. तिला अजून कळलं नव्हतं. कळायला एक वाक्य पुरे होतं.

“तो शुद्धीत होता,” माम्बेतकुल म्हणाला. “वारा पाहून निघाला, बरोबर निघाला. इंजिनाला पेट्रोल कमी पडलं. तापलं आणि धरलं. जेट चुकीचा होता.”

बुरुलचा चेहरा हळूहळू बदलला. “चुकीचा म्हणजे? मी दिलेला?” तिने मुलाला घट्ट धरलं. “अता, कोल लिहिलेलाच दिला मी.”

“तू बरोबर दिलास.”

“मग?”

“पुड्या माझ्याकडून उलट बांधल्या गेल्या. कोलच्या पुडीत लहान गेला.”

“पण कोल म्हणजे...” ती अडखळली. “तुम्ही कोल म्हणजे आपलं...”

“हेच,” तो म्हणाला. त्याने छपरीबाहेर, बोरूपलीकडच्या मातकट पाण्याकडे हात केला. “बाल्खाश. तुझ्या घरी पाठवलेल्या पुडीवर आणखी कुठलं कोल लिहीन मी? तू नीट वाचलंस. मी नीट बांधलं नाही.”

अल्दियार चहाच्या वाडग्याकडे हात करत होता.

“तुम्ही तर तीनदा बघता,” बुरुल म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता. “उजेडाकडे धरून. लहानपणी मी मोजायचे.”

“या वेळी ट्रक उभा होता. नाही पाहिलं.”

“नाही पाहिलं,” ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, “नाही पाहिलं तुम्ही.” आणि मुलाला घेऊन निघून गेली.

कायरोल्ला उठला. तो वाईट माणूस नव्हता. त्याने वाडगा उचलला, चहा जमिनीवर ओतला आणि वाडगा पालथा ठेवला.

“खरं सांगितलंत, कुदा,” तो म्हणाला. “माझ्या भावाचं नाव धुतलं गेलं. त्याबद्दल देव तुमचं भलं करो. आता उद्या सकाळच्या गाडीने जा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या गावचे लोक भेटायला आले. तंबूतून बुरुलचा शोक सुरू झाला. विधवा शोक गाते तेव्हा शब्द तिचे स्वतःचे असतात, दर वेळी थोडे नवे. माम्बेतकुल गाठोडं घेऊन फाटकाशी उभा होता. त्याला ऐकू आलं:

डोंगरावरून लोखंड आलं, आहेर म्हणून आलं,
बापाच्या हातचं होतं, उलटून नाही पाहिलं.

आलेल्या माणसांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. बायकांच्या घोळक्यातून कालिपा बाहेर आली. बुरुल फाटकापर्यंत आली नाही.

गाडीत ती दोघं मागच्या बाकावर बसली. दोन तास सपाटी, उंट, विजेचे खांब. मग कालिपा म्हणाली, “उलट बांधल्या म्हणालात.”

“हो.”

“मी दोरा धरला होता. तुम्ही तीनदा पाहिलंत. दोन्ही.”

तो खिडकीबाहेर पाहत राहिला.

“मी तिथे होते,” कालिपा म्हणाली.

“नव्हतीस.”

ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिला उलगडलं. तिने ओठावर मूठ दाबली आणि तशीच बसली. घाट लागला तेव्हा म्हणाली, “माझी पोर तुम्हाला शिव्या घालणार आणि मी ऐकत बसणार?”

“ऐकायचं. हवं तर तूही घाल दोन.”

“जन्मभर?”

“ती आहे तोवर.”

कालिपाने त्याच्या दंडावर जोरात बुक्की मारली. पुन्हा मारली. पुढच्या बाकावरचा माणूस वळून पाहू लागला तेव्हा थांबली.

बातमी त्यांच्या आधी बालिक्चीत पोहोचली होती. उन्हाळ्यात इंजिनं येईनाशी झाली. ज्यांची ओसरीत होती त्यांनी ती न झालेल्या दुरुस्तीनिशी परत नेली, ओशाळं हसत. चोरोबाय तेवढा आला. खांद्यावरून स्वतःचं आठ घोड्यांचं आणून त्याने फरशीवर आदळलं.

“काळा धूर टाकतंय. बघ.”

“माझ्याकडून चुका होतात आता.”

“हे मला नको सांगूस. तू आणि उलट बांधणार! अरे, तू विजार उलटी घालशील, पुडी नाही. कोणाला वाचवतोयस?”

“चोरोबाय, इंजिन ठेवायचं तर ठेव. तोंड घरी ठेवून ये.”

चोरोबायने त्याच्याकडे पाहिलं. त्यानंतर त्याने ती गोष्ट काढली नाही. थट्टाही कमी केली. ते माम्बेतकुलला जास्त लागलं.

ऑगस्ट आला आणि गेला. तो रोज सकाळी तळ्याच्या काठी जायचा, हात धुऊन परत यायचा. पाण्याला नावाने हाक मारल्याचं त्यानंतर कोणी ऐकलं नाही. कालिपाने कधी विचारलं, बाहेर वारा आहे का, तर म्हणायचा, “पाणी हलतंय.”

ऑक्टोबरात बुरुलचा फोन आला. त्या दिवसानंतरचा पहिला. बोलावणं फक्त आईच्या नावाचं होतं. माम्बेतकुल सोबत गेला. टपाल कचेरीत कालिपा काचेच्या खोक्यात शिरली, तो बाहेर बाकावर बसला. दार नीट लागत नव्हतं. आईचं तेवढं ऐकू येत होतं. हो. हो का. गुडघ्याला मेंढीची चरबी लाव त्याच्या. थंडी पडली का तिकडे.

खिडकीतली बाई ओरडली, “वेळ संपली. वाढवायची?”

“वाढवा,” माम्बेतकुल बाकावरून म्हणाला.

मग त्याने पाहिलं, कालिपा हसत होती. आधी ओठ दाबून, मग खांदे हलेपर्यंत. हसताहसता तिचं लक्ष बाहेर बाकाकडे गेलं आणि ती गप्प झाली. पाठ वळवून उरलेलं बोलली.

बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. दोघं रस्त्याला लागली. बरंच चालल्यावर तो म्हणाला, “काय झालं हसायला?”

“अल्दियार. घरात मेंढा आणलाय, त्याला कुदा म्हणतो. मोठी माणसं दारात आलेल्यांना म्हणतात ते ऐकून. रोज सकाळी मेंढ्याला म्हणतो, या कुदा, बसा कुदा.”

“ती हसली? सांगताना?”

“हसली.”

“मोठ्याने?”

“सुरुवातीला दाबलं. मग मोठ्याने.”

तो चालत राहिला. कालिपा म्हणाली, “तुमचं विचारलं नाही तिने.”

“मी तुला विचारलं का?”

“नाही.” ती थांबली. “झोप लागते म्हणाली. आधी लागत नव्हती, आता लागते.”

समोरून धुरावलेल्या माशांची टोपली घेऊन चोरोबायसारखाच एक विक्रेता येत होता. त्या माणसाने माम्बेतकुलला ओळखलं आणि रस्त्याच्या पलीकडे झाला. माम्बेतकुलने त्याला वाट दिली.

“मग झालं,” तो म्हणाला.